रेकॉर्ड कमाई, तरी गल्ल्यात खडखडाट

ऑक्टोबर 2025मध्ये फातोर्ड्याला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्सर खेळून गेला, रोनाल्डो काही आला नाही, एफसी गोवा 2-1ने हरली, आणि तेव्हापासून या सदराकडे एफडी नि एसआयपीपेक्षा फुटबॉलच्या पैशाचेच प्रश्न जास्त येतायत. आमची तक्रार नाही. म्हणून यावेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतलीयत.

प्रश्न: सर, मी मँचेस्टर युनायटेडचा जुना भक्त. क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात लिस्टेड आहे म्हणून हल्ली आकडेही बघतो. 30 जून 2025ला संपलेल्या वर्षात रेव्हेन्यू 666.5 दशलक्ष पौंड, आजवरचा रेकॉर्ड. ॲडजस्टेड एबिटडा (व्याज, कर, घसारा, ॲमॉर्टायझेशन वजा करण्याआधीची कमाई) 147.7वरून 182.8वर गेला, तोटा 113.2 दशलक्षांवरून 33वर आला. एवढं सगळं सुधारलं तर मग कर्ज का वाढलं? आणि फ्री कॅश फ्लो एका वेबसाइटवर प्लसमध्ये दाखवतात नि दुसरीवर मायनसमध्ये, खरं कोण बोलतंय?
— एक युनायटेडवाला, म्हापसा

उत्तर: दोघंही खरं बोलतायत, फक्त एकाने खेळाडूंचा खर्च मोजलाय आणि दुसऱ्याने नाही. सगळी गंमत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश बघूया.

फ्री कॅश फ्लो म्हणजे सोप्या भाषेत, धंद्यातून हातात आलेली रोकड, वजा धंदा चालू ठेवायला करावी लागणारी मोठी खरेदी. सिमेंट कंपनीत ही मोठी खरेदी म्हणजे भट्टी, यंत्रं, जमीन. फुटबॉल क्लबात ती म्हणजे खेळाडू. हिशोबाच्या पुस्तकात खेळाडूची रजिस्ट्रेशन, म्हणजे त्याला खेळवायचा हक्क, ही 'अमूर्त मालमत्ता' धरतात, त्यामुळे कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये तिची ओळ वेगळी असते, स्टेडियम-इमारतींची ओळ वेगळी. आता बऱ्याच वेबसाइट्सचा फॉर्म्युला सगळ्या कंपन्यांना एकच, तो फक्त इमारती-यंत्रांची ओळ वजा करतो आणि खेळाडूंच्या ओळीला हातच लावत नाही, की लगेच क्लब पैशात लोळतोय असं दिसायला लागतं. खेळाडू विकत न घेता प्रीमियर लीग खेळणार कशी हे त्या फॉर्म्युल्याला कोण सांगणार!

एबिटडाचंही तेच. मालीम जेटीवरचा ट्रॉलरवाला "यंदा सीझन जोरात गेला" म्हणतो तेव्हा त्याने डिझेल नि खलाशांचा पगार धरलेला असतो, पण जाळी नि इंजिनाचा हप्ता धरलेला नसतो, आणि जाळी तर दर दोन-चार वर्षांनी नवी लागतातच. युनायटेडच्या एबिटडात पगार वजा होतात (364.7 दशलक्षांवरून 313.2वर आणले, हे काम चांगलंच केलं म्हणायला हवं), पण खेळाडूंच्या खरेदीचा खर्च, म्हणजे वर्षाला साधारण 190 दशलक्ष पौंडांचं ॲमॉर्टायझेशन (खरेदीची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून दरवर्षी खर्चात धरणं), त्यात येतच नाही. 182.8 एबिटडा आणि 190च्या आसपास ॲमॉर्टायझेशन, ह्यावर व्याज वेगळं. मग 33 दशलक्षांचा तोटा कुठून आला हे कळायला सीए व्हावं लागत नाही.

आता कर्ज. ॲमॉर्टायझेशन ही पुस्तकातली नोंद आहे, खिशातून पैसे जातात ते हप्त्याने, आणि ह्या दोघांचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. समजा क्लबने 60 दशलक्षांना खेळाडू घेतला, करार पाच वर्षांचा, पैसे चार समान हप्त्यांत, पहिला सही करताना. पुस्तकात दरवर्षी 12 दशलक्ष खर्च पडेल. खिशातून मात्र सहीलाच 15, मग एक वर्षाने 15, दोन वर्षांनी 15. दोन वर्षांनी पोरगा 50ला विकला. पुस्तकात त्याची किंमत 36 उरलेली, म्हणजे क्लब 14 दशलक्ष 'नफा' दाखवणार आणि पेपरात फोटो येणार. पण खिशातून तोवर 45 गेलेत, 15चा एक हप्ता अजून डोक्यावर आहे, आणि घेणाऱ्यानेही तशाच चार हप्त्यांत घेतला असेल तर त्या दिवशी हातात आले फक्त साडेबारा. शेवटी पुस्तकात नि खिशात जमाखर्च सारखाच, 10 दशलक्षांचा फटका, पण मधल्या काळात बँकेकडे कोण धावणार? क्लबच.

युनायटेडमध्ये नेमकं हेच झालं, फक्त एक खेळाडू नव्हे, आख्खी टीमच. मार्च 2025मध्ये क्लबचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांनी मुलाखतीत उघडच सांगितलं की येत्या उन्हाळ्यात आम्ही अँटनी, कासेमिरो, ओनाना, होयलुंड, सांचो यांचे पैसे भरतोय, म्हणजे जुन्या खरेदीचे. सांचोला डॉर्टमुंडकडून घेतला 2021मध्ये, तो तेव्हा चेल्सीकडून लोनवर, म्हणजे उसना, खेळत होता, अर्धा पगार युनायटेड देत होतं आणि वर त्याच्या खरेदीचे 17 दशलक्ष पौंड अजून बाकी! काहीच केलं नाही तर वर्षअखेरीस रोकड संपेल असंही ते तेव्हा म्हणाले. स्टाफचं फुकट जेवण बंद करून फळं ठेवली, शेकडो लोकांना घरी पाठवलं, सीझनच्या मधेच मेंबर तिकीट सवलतीशिवाय 66 पौंड केलं, त्यावरून लोक चिडले ते साहजिकच आहे, पण आमच्या मते जेवणाच्या बिलात क्लब बुडत नव्हता, तो चार-पाच वर्षांच्या महागड्या खरेदीच्या हप्त्यांत बुडत होता.

हप्ते भरायला पैसे कुठून? रिव्हॉल्व्हिंग क्रेडिटमधून, आपल्याकडे व्यापारी बँकेतून सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट उचलतो तोच प्रकार, लागेल तेव्हा काढा, आले की भरा. जून 2024ला त्यातून 30 दशलक्ष पौंड उचललेले होते, जून 2025ला 160. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे. ह्याच्या खाली तेव्हा 650 दशलक्ष डॉलरचं जुनं लांब मुदतीचं कर्ज होतंच, त्याची मुळं 2005 सालात, ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेताना कर्ज काढलं आणि ते क्लबच्याच डोक्यावर टाकलं. अलीकडे व्याजापोटी दरवर्षी 30 दशलक्ष पौंडांहून जास्त जातात. एक बरा खेळाडू दरवर्षी व्याजात जातो असं समजा.

प्रश्न: एकाच वर्षाच्या आकड्यावरून ट्रेंड कसा ओळखायचा? कोविडची वर्षं धरायची की सोडायची?
— कॉमर्सची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: सोडू नकोस गं, पण वेगळी वाच. युनायटेडची मॅचडे कमाई (मॅचच्या दिवशीची, मुख्यतः तिकिटांची) 2018-19मध्ये 110.8 दशलक्ष पौंड होती, 2020-21मध्ये 7.1. शंभरावरून सातावर! रिकाम्या स्टँडसमोर खेळल्यावर दुसरं काय होणार. त्याच वर्षांत खेळाडूंचे पगार मात्र चालूच. म्हणून 2019 ते 2021 ह्या काळातली रोख घसरण ही धंदा बिघडल्याची खूण नव्हती. त्यानंतर मात्र प्रेक्षक परत आले, 2024-25मध्ये मॅचडे 160.3 दशलक्षांवर गेली, आणि तरीही खेळाडूंची खरेदी वजा केल्यावर हातात काही उरेना. खरा ट्रेंड हा. रोग कोविडचा नव्हताच.

दुसरं, महिना बघ. क्लबचं वर्ष 30 जूनला संपतं आणि नेमकं तेव्हाच पुढच्या सीझनच्या तिकिटांचे पैसे आधीच जमा होत असतात, स्पॉन्सरही ठरल्या तारखांना मोठी रक्कम देतात. मॅच झालेली नाही, रोकड मात्र आली. बॅलन्सशीटमध्ये ती 'आगाऊ मिळालेली रक्कम' म्हणून देण्यांच्या बाजूला बसते. त्यामुळे जूनअखेरची बँकेतली रक्कम बघून कुणी खूश झालं तर त्याला सप्टेंबरचा तिमाही रिपोर्ट दाखव, तोवर ट्रान्सफर विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) होऊन गेलेली असते. 2025च्या उन्हाळ्यात युनायटेडने कुन्हा, म्ब्यूमो, शेश्को असे तीन मोठे फॉरवर्ड घेतले, त्या सौद्यांचा भार 2024-25च्या त्या सुंदर आकड्यांत फारसा दिसणारच नाही, तो पुढच्या वर्षांत हप्त्याहप्त्याने उतरणार.

आम्ही स्वतः काय करतो सांगतो: ऑपरेटिंग कॅश फ्लो घ्यायचा, व्याज त्यात वजा झालंय ना ते बघायचं (युनायटेडच्या हिशोबात ते तिथेच वजा होतं), मग खेळाडू खरेदी वजा, खेळाडू विक्री अधिक, इमारतींचा खर्च वजा. आणि असं एका वर्षाचं नाही, निदान तीन वर्षांची बेरीज. एका वर्षात हप्ते इकडेतिकडे सरकवून काहीही दाखवता येतं, तीन वर्षांत लपत नाही. सोबत ट्रान्सफरची देणी नि येणी किती उरलीयत ती नोट उघडून वाचायची, ती रिपोर्टच्या अगदी मागे असते आणि तीच सगळ्यात कामाची.

प्रश्न: मग युनायटेडपेक्षा जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड बरा नाही का? दरवर्षी एक स्टार विकतात आणि नफा कमावतात. आमच्या ग्रुपमध्ये एकजण म्हणतो इटलीची युव्हेंटसही विकून नफा दाखवायची, मग त्यांचे लीगचे पॉइंट का कापले?
— तीन मित्र, मडगाव

उत्तर: तुमच्या मित्राला चहा पाजा, प्रश्न भारी आहे.

डॉर्टमुंडचं मॉडेल आम्हाला आवडतं हे आधीच सांगून टाकतो. 2017ला डेम्बेले बार्सिलोनाला, 2021ला सांचो 85 दशलक्ष युरोंना, 2023ला बेलिंगहॅम रेआल माद्रिदला 103 दशलक्ष युरोंना. इथे विक्री हा अपघात नाही, तोच धंदा आहे, म्हणून खेळाडू विक्रीची रोकड ट्रेंडमध्ये धरायलाच हवी. युनायटेडवर 17 दशलक्ष पौंडांचं जे देणं 2025पर्यंत राहिलं ते ह्याच सांचोच्या सौद्याचं, एका लिस्टेड क्लबची उधारी म्हणजे दुसऱ्या लिस्टेड क्लबचं येणं, इतकं सरळ आहे ते. पण फार हुरळून जाऊ नका. हा क्लब 2000 साली 11 युरोंना शेअर विकून बाजारात आला, आलेले पैसे उधळले आणि 2005मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा होता. कोविडमध्ये 2020-21ला 72.8 दशलक्ष युरो तोटा झाला आणि नवे शेअर काढून 86.5 दशलक्ष उभे करावे लागले. 2022नंतर शेअर बहुतेक काळ तीन-चार युरोंच्या आसपासच घुटमळला. शिवाय ज्या वर्षी विकायला बेलिंगहॅम नसेल त्या वर्षी काय, ह्याचं उत्तर अकादमी आणि स्काउट देतात, अकाउंटंट नाही.

युव्हेंटसचा मामला वेगळा. 29 जून 2020, म्हणजे वर्ष बंद व्हायच्या आदल्या दिवशी, युव्हेंटसने आपला खेळाडू प्यानिच बार्सिलोनाला 60 दशलक्ष युरोंना दिला आणि बार्सिलोनाकडून आर्थर 72 दशलक्षांना घेतला. प्रत्यक्षात फरक किती? 12 दशलक्ष, तेही पुढे हप्त्याने. पण पुस्तकात युव्हेंटसला त्या एका सहीत चाळीसेक दशलक्षांचा नफा दिसला, बार्सिलोनालाही तसाच मोठा, आणि दोघांच्या तिजोरीत त्या दिवशी जवळजवळ काहीच आलं नाही. अशा अदलाबदलीत किंमत दोघांनी मिळून ठरवायची, बाजार मधे नाहीच, मग ती 60 का 30 कोण विचारणार? असे खेळाडूंच्या विक्रीतले फुगवलेले नफे हा इटलीत मोठा वाद झाला आणि 2023मध्ये युव्हेंटसला आधी 15 आणि अपिलानंतर शेवटी 10 पॉइंटची शिक्षा झाली. कॅश फ्लो बघणाऱ्याला मात्र हे सगळं कोर्टाआधी दिसतं, कारण नफा फुगवता येतो, आलेली रोकड फुगवणं फार अवघड. युव्हेंटसची रोकड कुठून येत होती? मालकांकडून आणि शेअरहोल्डरांकडून. 2019-20ला 300, 2021ला 400, 2024ला 200 दशलक्ष युरो, असे तीनदा नवे शेअर काढले. पाच वर्षांत 900 दशलक्ष वरून ओतावे लागतायत म्हणजे खालून गळतंय, त्याला वेगळा रेशो कशाला हवा.

प्रश्न: आपल्या एफसी गोवाचा शेअर घेता येतो का? आणि धेंपो, साळगावकर ह्या क्लबांचा कॅश फ्लो तेव्हा कसा होता?
— जुना प्रेक्षक, वास्को

उत्तर: नाही काका, घेता येत नाही, एफसी गोवा खाजगी मालकीचा आहे.

दुसरा प्रश्न मात्र काळजाला हात घालणारा. त्या काळातल्या गोव्याच्या क्लबांना आपण कधी तिकिटांच्या पैशांवर चालणारे क्लब म्हणून पाहिलंच नाही, ते चालले उद्योगपती घराण्यांच्या नि खाणींच्या पैशांवर. मालक हौसेने, गावाच्या प्रेमाने, नावासाठी पैसा घालायचा. त्याबद्दल आम्हाला आदरच आहे, धेंपोने राष्ट्रीय लीग किती वेळा जिंकली ते वास्कोवाल्यांना सांगायला नको. पण हिशोबाच्या भाषेत बोलायचं तर तो ऑपरेटिंग कॅश नव्हे, मालकाने घातलेली रोकड, आणि मालकाचा मूड, धंदा किंवा फेडरेशनशी संबंध बिघडला की ती ओळ शून्य होते. 2012ला खाणी बंद झाल्या आणि गोव्याच्या आख्ख्या अर्थकारणाचा कणा दुखावला. 2016ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिघेही आय-लीग ह्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण तेव्हा फेडरेशनच्या नव्या आराखड्यावरून वाद होता, पैशावरून नव्हे, पण कमाई स्वतःची असलेला क्लब असा एका पत्राने लीग सोडून जात नाही हेही खरं. अजूनही भारतात टीव्हीचा पैसा इतका थोडा की क्लब मालकाच्या खिशावरच उभे आहेत. 2025ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) किती महिने लटकली ते आपण सगळ्यांनी बघितलं, मॅच नाही तर तिकीट नाही, स्पॉन्सर नाही, पगार मात्र आहेत.

प्रश्न: युनायटेडचे दहा-वीस शेअर हौस म्हणून घ्यायचे झाले तर गोव्यातून कसे घ्यायचे? आणि घ्यावेत का?
— बँकेतला माणूस, डिचोली

उत्तर: कसे ते सोपं. परदेशी शेअर देणाऱ्या ब्रोकरकडे खातं, पैसे बँकेतून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवायचे, त्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, तुमच्या वीस शेअरना ती कुठे लागतेय. मात्र एक शेअर असला तरी आयटीआरमध्ये शेड्युल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवायचा, हे लोक विसरतात आणि मग नोटीस आल्यावर आम्हाला फोन करतात. बँकेतल्या माणसाला आणखी काय सांगू.

घ्यावेत का? 2012ला शेअर 14 डॉलरला बाजारात आला. 2024च्या फेब्रुवारीत रॅटक्लिफनी 33 डॉलरने पंचवीस टक्क्यांहून जास्त हिस्सा घेतला. 2025मध्ये बाजारातला भाव साधारण 13 ते 19 डॉलरच्या मधे लटकत होता. बारा-तेरा वर्षांत शेअर जागच्या जागी, आणि जो थोडा डिव्हिडंड मिळायचा तोही 2022नंतर बंद. त्यात तुमच्या अ वर्ग शेअरला एक मत आणि ग्लेझरांच्या ब वर्ग शेअरला दहा, त्यामुळे सभेत तुमचं कोण ऐकणार हेही उघड आहे.

हे शेअर लोक कॅश फ्लोसाठी घेत नाहीत हो, कधीतरी कुणी अब्जाधीश आख्खा क्लब चढ्या भावाने घेईल ह्या आशेवर घेतात. हौस असेल तर फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता घ्या, मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात नकोत. आणि एका गोष्टीवर लक्ष ठेवा: मार्च 2025ला युनायटेडने एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमची घोषणा केली, खर्च साधारण 2 अब्ज पौंड, म्हणजे तीन वर्षांची आख्खी कमाई. खेळाडूंचे हप्ते देताना ज्यांची दमछाक होते ते हे स्वतःच्या रोकडीतून बांधणार नाहीत. म्हणजे कर्ज, नाहीतर नवे शेअर, नाहीतर स्टेडियमच्या नावासकट काहीतरी विकणं. ज्या दिवशी नव्या शेअरची घोषणा होईल त्या दिवशी तुमच्या वीस शेअरचा वाटा आणखी पातळ होणार, तेव्हा घ्यायचेच असतील तर आधी ती बातमी येऊ द्या.